व्हायोलिनची जागवणी

"मावशी, आत काय आहे? उभं धरू की आडवं?"

कुरिअरवाला दारात उभा राहून खड्या आवाजात विचारत होता आणि मी ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प करत होते. आत अक्का झोपली होती. दुपारचे अडीच वाजले होते. तिची झोप चारपर्यंत, चारला चहा, साडेचारला पहिली बॅच. एकोणीस वर्षांत हे कधी बदललं नव्हतं, म्हणून तर मी पार्सलाची वेळ दुपारचीच मागून घेतली होती.

"आडवं दे," मी म्हणाले. "आणि हळू बोल की जरा!"

"तुमच्याच नावाचं आहे ना? मग चोरीचा माल घेतल्यागत काय घेताय?"

"सही कुठं करायची ते सांग आणि नीघ बाबा."

खोकं मी मागच्या खोलीत नेलं, माझ्या फॉल-पिकोच्या मशीनमागं सरकवलं आणि वर साड्यांचा गठ्ठा टाकला. मग स्टुलावर बसून पदरानं घाम पुसला. शेहेचाळीस वर्षांची बाई मी, स्वतःच्या कमाईनं घेतलेली वस्तू घरात लपवत बसले होते. माझं मलाच हसू आलं. भीतीही वाटत होती, पण हसू जास्त येत होतं. खोक्यात व्हायोलिन होतं. माझं.

जयसिंगपुरात सातव्या गल्लीत तेव्हा 'मंदाकिनी कवठेकर, व्हायोलिन वर्ग' अशी पाटी होती. मंदाकिनी म्हणजे माझी थोरली बहीण, अक्का. आमचे वडील, आप्पा, शाळामास्तर आणि व्हायोलिनवाले. घरात व्हायोलिन एकच. ते अक्काच्या हातात गेलं आणि मी आठ वर्षांनी धाकटी, माझ्या हातात आला तंबोरा. ती वाजवायची, मी सूर धरून बसायची. पुढं माझं लग्न झालं, सहाव्या वर्षी नवरा गेला आणि सासरच्यांनी एका पिशवीनिशी वाट दाखवली. तेव्हा अक्का एसटीनं तासगावला आली, माझ्या सासूकडे ढुंकूनही न बघता माझी पिशवी उचलली आणि म्हणाली, "शालू, चल घरी." ते मी विसरले नाही. आजही विसरत नाही. म्हणूनच पुढचं सांगताना माझी जीभ जड होते.

तिच्या वर्गात माझं काम ठरलेलं. सतरंज्या घालायच्या, हजेरी घ्यायची, आयांना चहा द्यायचा आणि मुलांची व्हायोलिनं सुरात लावून द्यायची. तार बोटानं छेडायची, खुंटी पिळायची, पुन्हा छेडायची. तारांखालची घोडी कलली असली तर सरळ करायची. त्यात माझा हात बसला होता. 'शालूमावशींनी लावलेलं उतरत नाही,' असं पोरं म्हणायची आणि मी उगाच दटावायची, पण ऐकायला गोड वाटायचं. तारांवर ओढायचा गज मात्र मी कधी हातात धरला नव्हता. धरायचा असतो हे मला कुणी सांगितलंही नव्हतं, आणि नको असंही कुणी म्हटलं नव्हतं.

खोटं कशाला बोलू, मी विचारलं होतं. अक्काकडे आले त्याच वर्षी. "मला शिकव की गं." ती म्हणाली, "शिकवते की. दसऱ्याला सुरू करू." दसऱ्याला ती नव्या मुलांच्या हातात पहिल्यांदा गज द्यायची. त्या दसऱ्याला बारा मुलं आली, मी पेढे वाटले. पुढच्या वर्षी विचारलं, तेव्हा म्हणाली, "बघू, ह्या खेपेला गर्दी फार आहे." असे एकोणीस दसरे गेले. ती एकदाही नाही म्हणाली नाही, हे लक्षात ठेवा.

आणि मग त्या श्रावणात फोनवर ब्लाऊजचे गळे बघता बघता मधेच एक जाहिरात आली. नव्यानं शिकणाऱ्यांसाठी व्हायोलिन. पेटी, गज, गजाला घासायची राळ, सगळं सोबत. मी गळे सोडले आणि तेच बघत बसले. लाकडाचा रंग तांबूस, आप्पांच्या व्हायोलिनसारखा. चार दिवस रोज उघडून बघितलं. पाचव्या दिवशी बोट दाबलं.

मनातला बेत असा, की महिना-दोन महिने गुपचूप हात बसवायचा. अक्का मंगळवारी आणि शनिवारी सांगलीला कॉलेजात शिकवायला जायची, तेव्हा घर माझंच. आणि दसऱ्याला मुलांच्या ओळीत शेवटी बसून तिच्यासमोर सात सूर वाजवायचे. फक्त सात. ती म्हणणार, "अगं शालू, हे कधी?" बस्स. एवढं एक वाक्य मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

एकच गोष्ट मनात टोचत होती. आमच्या घरची एक पद्धत होती, जागवणी. मुलानं नवं व्हायोलिन घेतलं की ते आधी गुरूकडे आणायचं. अक्का ते देवघरात नेणार, दार लावून घेणार, वाद्य दिवसभर देवापुढं राहणार. दुसऱ्या दिवशी ती ते बाहेर आणून पहिला गज स्वतः मारणार आणि मग मुलाच्या हाती देणार. आप्पांपासूनची रीत. "नवं वाद्य झोपलेलं असतं, गुरूनं जागवल्याशिवाय बोलत नाही," असं आप्पा सांगायचे आणि अक्काही तेच सांगायची. काही आगाऊ पोरं आधी घरी गज फिरवून बघत. आवाज येत नसे. मग अक्कानं जागवलेलं वाद्य बोललं की डोळे वासून बघत राहत. मला हे खरं वाटायचं का? देवापुढच्या गोष्टी माणूस तपासत नाही, एवढंच म्हणते.

मंगळवारी अक्काची बस सुटल्याबरोबर मी पेटी उघडली. घोडी कापडात गुंडाळून वेगळी ठेवलेली, तारा सैल. मी घोडी उभी केली, तारा ताणल्या, सुरात लावलं. छेडल्यावर आवाज असा गोड आला की माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. राळेची वडी नवी कोरी होती, मधाच्या रंगाची, काचेसारखी चकचकीत. अक्का जशी रोज गजावर राळ घासते तशी मी घासली. चांगली वीस वेळा. मग मांडी घालून बसले, व्हायोलिनची मान पायाच्या घोट्यावर टेकवली आणि गज तारेवर ठेवून ओढला.

काही नाही. फुंकर मारल्यासारखी बारीक सळसळ, बाकी काही नाही.

मी दाबून ओढला. सावकाश ओढला. उलटा ओढला. राळ अजून घासली, हात दुखेपर्यंत घासली. गज तारेवरून नुसता घसरत होता. शनिवारी पुन्हा तेच, पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. मधल्या दिवसांत कांदा चिरताना, हजेरी घेताना डोक्यात एकच विचार, माझं काय चुकतंय? व्हिडिओ का बघितले नाहीत, असं आता शेजारीण विचारते. अगं बाई, विहिरीवर राहणारा माणूस पाण्यासाठी टँकर मागवतो का? ज्ञान माझ्या घरात, पलीकडच्या खोलीत झोपलेलं होतं. आणि माल परत करायची मुदत बारा दिवसांची. अकराव्या दिवशी, गुरुवारी, चार वाजता चहाचा कप तिच्यापुढं ठेवला आणि म्हणाले,

"अक्का, रागावणार नसशील तर एक दाखवायचंय."

"काय फोडलंस?" ती हसत म्हणाली.

मी पेटी आणून तिच्यापुढं उघडली. तिचं हसू लगेच गेलं नाही, तसंच चेहऱ्यावर राहिलं.

"हे कुणाचं?"

"माझं. फोनवरून मागवलं. तुला दसऱ्याला एकदम दाखवणार होते गं, पण ह्याला आवाजच नाही."

"तुझं," ती म्हणाली. कप खाली ठेवला. "मला सांगितलं नाहीस ते?"

"चुकलं. जागवणीही केली नाही, तीही चूक. पण आता तू बघ ना काय झालंय."

तिनं व्हायोलिन उचललं. छेडून बघितलं. चारी तारा सुरात होत्या, तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग गज उचलला, त्याच्या केसांवरून अंगठा फिरवला आणि तो अंगठा बोटावर चोळला. राळेची डबी उघडली, वडी उजेडात धरली, डबी बंद केली. मग गज तारेवर ठेवला आणि एकदाच, अगदी हलका, ओढला. सळसळ.

"मुकं आहे," अक्का म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे फसवलं तुला. लाकूड भुस्सा आहे, आतून पोकळ निघालंय. ह्याला कधी आवाज येणार नाही."

"पण छेडल्यावर तर छान वाजतंय की."

"छेडल्यावर डालड्याचा डबाही वाजतो शालू."

"मग तुझा गज लावून बघ ना. कदाचित गजच..."

"आप्पांचा गज? असल्या खोक्याला?" ती एकदम तडकली. लगेच आवाज खाली आणला. "अगं, मी चाळीस वर्षं हेच करतेय. मला कळत नाही का?"

कळतच होतं की. तिला नाही कळणार तर कुणाला? मी मान खाली घातली. माझा हिरमोड तिला दिसला असणार, कारण तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे. असल्या वस्तू अशा घ्यायच्या नसतात. तुझं वय काय, बोटं काय, त्यात मशीन चालवून आखडलेली. उद्याचा दिवस आहे ना परत करायला? पाठवून दे. आणि हे बघ, तिथं लिहायचंही असतं ना काहीतरी? लिही. दुसरं कुणी फसायला नको."

मी फोन काढला. खाली बऱ्याच लोकांनी आधीच लिहिलेलं होतं. कुणी पाच चांदण्या दिलेल्या, कुणी एक. 'आवाज येत नाही,' असं एकानं लिहिलेलं, आणखी एकानंही तसंच. "बघ," अक्का माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "मी सांगत नव्हते?" मग तिनं सांगितलं आणि मी टाइप केलं. 'व्हायोलिन मुकं आहे. जाणकाराला दाखवून खात्री केली. कुणी घेऊ नये.' एक चांदणी.

दुसऱ्या दिवशी तोच कुरिअरवाला येऊन खोकं घेऊन गेला. "का हो मावशी, नाही पटलं?" म्हणाला. मी दार लावून घेतलं. आत येऊन बघते तर अक्का चक्क स्वयंपाकघरात. शिरा करत होती, माझ्यासाठी. एकोणीस वर्षांत तिनं गॅस पेटवलेला मी दोन-चारदाच बघितला असेन. "खा," म्हणाली. मी रडत रडत तो शिरा खाल्ला आणि मनात म्हटलं, बहीण असावी तर अशी.

पाच आठवडे गेले. दसरा तोंडावर आला. अक्का परीक्षक म्हणून चार दिवस बार्शीला गेली आणि नेमक्या तेव्हा मगदूमबाई आपल्या मुलीचं, प्रणोतीचं नवं व्हायोलिन घेऊन आल्या. दसऱ्यापासून ती शिकणार होती. एक खुंटी घसरत होती, तार ठरत नव्हती. मी अक्काला फोन लावला.

"मिरजेला जाऊन दस्तगीरचाचांकडून खुंटी नीट करून आण," ती म्हणाली. "तेवढंच. बाकी कशाला हात लावू देऊ नकोस. वाद्य जागवायचंय अजून."

दस्तगीरचाचा म्हणजे आमचे जुने कारागीर. आप्पांपासून घरोबा. मिरजेत एका बोळात त्यांचं छोटं दुकान, भिंतीवर तंबोऱ्याचे भोपळे आणि खाली लाकडाचा भुसा. त्यांनी खुंटी काढली, खडू लावला, साबणाचा तुकडा फिरवला, परत बसवली. दहा मिनिटांचं काम.

"द्या," मी म्हणाले.

"थांबा ताई, वाजवून बघतो. वाजवल्याशिवाय माल देत नाही मी." त्यांनी स्वतःच्या गजाकडे हात केला, तर त्याचे केस उतरवून ठेवलेले. "ह्यातलाच गज वापरू," म्हणत त्यांनी प्रणोतीच्या पेटीतला नवा गज काढला, राळेची डबी काढली. तशीच मधाच्या रंगाची, काचेसारखी चकचकीत वडी. मग त्यांनी खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढला आणि वडीच्या तोंडावर खसाखसा घासायला लागले.

"अहो चाचा, हे काय करता? नवी वडी आहे ती!"

"नवी आहे म्हणूनच. वरची चकाकी गेल्याशिवाय राळ सुटत नाही ताई. काचेवर गज घासून काय मिळणार?" वडीवर पांढरे चरे उठले, भुकटी पडली. त्यांनी गज त्यावर घासला, खूप वेळ घासला. "नवा गज फार राळ खातो. कोरा असतो ना." मग त्यांनी व्हायोलिन छातीशी धरलं आणि गज ओढला.

व्हायोलिन बोललं. त्या बोळात, भुशात, कुठलाही देव समोर नसताना.

मी ती चरे पडलेली वडी हातात घेतली.

"आणि असं घासलं नाही तर?" मी विचारलं.

"तर आवाज येत नाही. लोक येतात की माझ्याकडे रडत, आमचं व्हायोलिन बिघडलं म्हणून. मी आधी राळच बघतो."

"हे सगळ्यांना ठाऊक असतं?"

"वाजवणाऱ्याला असतंच."

"अक्काला?"

चाचा हसले. "ताई, काय चेष्टा करता? तुमच्या आप्पांनी तर मला शिकवलं हे. आणि मंदाताईंना हा पॉलिश पेपर दर दसऱ्याच्या आधी मीच देतो की. मागच्या वर्षी तुम्हीच नेला होता."

होय. मीच नेला होता. कशाला लागतो म्हणून विचारलंही होतं, तर देवघराचा पाट घासायला, असं अक्का म्हणाली होती.

येताना बसमध्ये मी फोन उघडला. माझं लिहिलेलं तिथंच होतं. चौतीस जणांना ते उपयोगी वाटलं होतं. चौतीस! त्याच्या खाली दोनच मजकूर सोडून कुणा नांदेडच्या माणसानं लिहिलं होतं, 'आवाज येत नसेल तर राळेला आधी पॉलिश पेपर मारा.' तारीख माझ्या आधीची. त्या दिवशी मी अजून दोन बोटं खाली सरकले असते, तर? पण अक्का खांद्यावरून वाकली होती आणि मी तिथंच थांबले. मी माझं लिहिलेलं पुसून टाकलं. अंगाची अशी आग होत होती की बसच्या खिडकीतला वाराही लागत नव्हता. आणि तरी, हसाल तुम्ही, अंकलीचा पूल येईपर्यंत मी तिच्यासाठी सबबी शोधत होते. विसरली असेल. घाईत असेल. मग आठवला तो अंगठा. गजाच्या केसांवरून फिरवून बोटावर चोळलेला. उजेडात धरलेली वडी. नाही, तिनं नीट बघितलं होतं. बघून, समजून, मग बोलली होती.

रविवारी दुपारी अक्का आली. पिशवी ठेवली, पाय धुतले, जेवायला बसली. मी वाढलं. तिचं जेवण होऊ दिलं. उपाशी माणसाशी भांडू नये एवढी लाज मला होती. मग प्रणोतीच्या राळेची वडी तिच्यासमोर ठेवली. चरे पडलेली.

तिनं वडीकडे बघितलं. "चाचांना सांगितलं होतं ना, फक्त खुंटी म्हणून."

"त्यांनी वाजवून बघितलं."

"हं."

"माझ्या व्हायोलिनला काय झालं होतं अक्का?"

"तुझं वेगळं होतं. ते लाकूडच..."

"अक्का."

बाहेर गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती काही चालू होईना. आम्ही दोघी ते ऐकत बसलो.

"काही झालं नव्हतं," ती म्हणाली.

मला वाटलं होतं, हे ऐकल्यावर मी किंचाळेन. पण मी विनवायलाच लागले. "मग नको म्हणायचंस ना गं! नको शिकू म्हणायचंस. मी ऐकलं असतं. आजवर तुझं काय ऐकलं नाही मी?"

"तेच तर." ती माझ्याकडे बघत नव्हती. "तू ऐकलं असतंस. मग रोज तुझं तोंड बघताना मला आठवलं असतं, की मी नको म्हटलं. तसं मला जमत नव्हतं."

"म्हणून व्हायोलिनला मुकं ठरवलंस."

"हो."

"का पण? मी काय मागत होते? सात सूर! कोपऱ्यात बसून सात सूर वाजवले असते मी!"

"तू सात सुरांवर थांबणार होतीस?" आता तिनं मान वर केली. डोळे कोरडे होते. "मी त्या दिवशी ते छेडलं ना, तेव्हा चारी तारा अशा लागल्या होत्या, की मला एवढ्या वर्षांत तशा लावता आल्या नाहीत. तुझा कान आप्पांचा आहे. माझ्याकडे नुसते कष्ट आहेत. जिथं यायला माझी चाळीस वर्षं गेली तिथं तू तीन वर्षांत आली असतीस. माझ्याच घरात, चहा करता करता. मग ह्या घरात मी कोण?"

"बहीण," मी म्हणाले. "तू माझी बहीण असतीस. अजून काय हवं होतं तुला?"

तिनं ताटाबाहेर सांडलेलं शीत उचलून ताटात टाकलं.

मला अजून एक विचारायचं होतं. ते विचारल्याशिवाय तिथून उठताच येत नव्हतं. "त्या दिवशी माझं खोकं परत गेलं. मी इथंच बसून रडले. तू शिरा वाढत होतीस. तेव्हा तुला काय वाटत होतं? खरं सांग. वाईट वाटलं?"

दुसरी कुणी असती तर 'हो' म्हणून मोकळी झाली असती. पण ती आप्पांची मुलगी, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंच.

"नाही," ती म्हणाली. "सुटल्यासारखं वाटलं."

दसरा होईपर्यंत मी राहिले. मुलांना कशाला शिक्षा? पेढे वाटले, सतरंज्या घातल्या, प्रणोतीचं व्हायोलिन देवघरातून बाहेर येऊन बोललं तेव्हा तिचे मोठे झालेले डोळेही बघितले. दुसऱ्या दिवशी फॉल-पिकोचं मशीन टेम्पोत घातलं आणि मिरजेला खोली घेतली. अक्का दारापर्यंत आली. "लोक विचारतील, काय सांगू?" म्हणाली. मी म्हटलं, "तुला सुचतं की काहीतरी."

नऊ वर्षं झाली त्याला. मी पुन्हा तेच व्हायोलिन मागवलं, त्याच दुकानाकडून. मिरजेत पंचवीस वर्षांची एक पोरगी शिकवते, तिला मी बाई म्हणते आणि ती मला आजी म्हणते. पहिली दोन वर्षं नुसता कर्कश गोंधळ, घरमालकीण हात जोडायची. आता मात्र वाजवते. गणपतीत गल्लीत वाजवते, चाचांच्या नातीच्या लग्नात वाजवलं. एकदा सांगलीला एका छोट्या सभेत बाईंच्या मागं बसून साथ केली, तर लोकांनी मलाच वन्स मोअर दिला. अक्काचा कान खरा निघाला म्हणायचा.

ती दर रविवारी फोन करते. आम्ही बोलतो, का नाही बोलणार? गुडघे, रक्तदाब, भाजी काय केली. वर्ग तिनं बंद केला, ऐकू कमी येतं म्हणाली. त्या दिवसाचं ती कधी काढत नाही, मीही काढत नाही. पण मागच्या रविवारी बोलणं संपलं तरी तिनं फोन ठेवला नाही. मग हळूच म्हणाली,

"शालू, तू फार छान वाजवतेस म्हणे. मगदूमबाई सांगत होत्या. रडल्या म्हणे ऐकून."

"बरं वाजवते."

"मला ऐकव की गं एकदा. फोनवर ऐकव. अजून थोडं ऐकू येतंय तोवर."

व्हायोलिन समोरच होतं. गज राळ लावून तयार होता. हात पुढं झालासुद्धा होता, शपथेवर सांगते. ज्या बाईनं मला तासगावहून आणलं ती पलीकडे फोन कानाला घट्ट लावून बसली होती, हे मला इथून दिसत होतं.

"मी सगळ्यांना ऐकवते अक्का," मी म्हणाले. "जो म्हणेल त्याला ऐकवते. तुला नाही."

तिनं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.